ओ गटाची यादी

इक्बाल,

ती यादी मी केली होती. अकरा नावं, सगळ्यांचा रक्तगट ओ आणि पहिलं नाव तुझं.

पेंट शॉपच्या मागे नव्या शेडसाठी खणलेल्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साठलं होतं. ते उपसायला आणि पंप बसवायला माणसं हवी होती. आजूबाजूला मलेरियाचे पेशंट निघायला लागले होते, म्हणून कुणी तिकडे जायला तयार नव्हतं. कंपनीचा सेफ्टी इनचार्ज मी, त्यामुळे नावं देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ओळखपत्रांचं रजिस्टर उघडलं, रक्तगटाच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेलो आणि जिथे ओ दिसला तिथलं नाव उतरवून घेतलं. ओ गटाच्या माणसाला मलेरिया होत नाही, असं मी धरून चाललो होतो. दोन आठवड्यांनी तू तापलास आणि तापाच्या सातव्या दिवशी गेलास.

यावर मी आणखी एक गोष्ट केली. तुझ्या मृत्यूच्या चौकशीचा कागदही माझ्याकडेच आला होता. त्यात मी लिहिलं, ‘कर्मचाऱ्याने तापाकडे दुर्लक्ष केले व वेळेवर रक्ततपासणी करून घेतली नाही.’ खाली सही केली. यादीचा उल्लेख केला नाही. तू मला फोन केला होतास, त्याचाही नाही. तो कागद चार दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. मॅनेजर साहेब रोज विचारत होते आणि मी रोज सांगत होतो, उद्या देतो.

तुला हे सगळं सांगायचं तर आधी हे कबूल करायला हवं की मी तुझ्यावर जळायचो. जळायचो म्हणतोय, पण तुझ्या जनाज्यातही मी जळत होतो. कासारवाडीच्या तुमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीच्या दोन बस भरून माणसं आली होती, पहिल्या शिफ्टची, घरी न जाता, डबे हातात घेऊन. तुझ्या भावाच्या गॅरेजवर टेम्पो दुरुस्तीला आणणारे चाकण मार्केटचे कांद्यावाले होते. देहूरोडचा कुणी रिटायर सुभेदार होता, त्याला तर मी कधी पाहिलंही नव्हतं, आणि तो लहान पोरासारखा रडत होता. खांदा द्यायला माणसं एकमेकांना सारत होती. मला दोनदा खांदा मिळाला, दोन्ही वेळा दहा पावलांत कुणीतरी काढून घेतला. आणि चालता चालता माझ्या मनात काय चाललं होतं, ऐक. मी गेलो तर यातले किती येतील? सोसायटीतले चौघे, नात्यातले पंधरा-वीस, कंपनीतून एक हार. स्वतःच्या हाताने ज्याला त्या खड्ड्यावर पाठवलं, त्याच्या मागे चालताना मी त्याची गर्दी मोजत होतो.

ही जळजळ जुनी आहे. आयटीआयला आपण एकाच बाकावर, शेजारी शेजारी कानस चालवायचो. पहिल्याच महिन्यात लोखंडाचा तुकडा चारी बाजूंनी काटकोनात घासून द्यायचा होता. मी तीन दिवस घासला, तो कधी इकडे झुकायचा, कधी तिकडे. तू बोलत बोलत, शेजारच्याला चिडवत, दीड दिवसात केलास. सरांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, उजेडाची फट नाही. तो तुकडा त्यांनी सगळ्या वर्गातून फिरवला. माझ्या हातात आला तेव्हा अजून गरम होता. तू म्हणालास, “अरे, तू फार जोर लावतो राव. लोखंडाशी भांडू नको.” तू मला मदत करत होतास, आणि मला तो टोमणा वाटला. चाळीस माणसांत तू एकटाच होतास ज्याने मला ते सांगितलं.

पुढे मी संध्याकाळचा डिप्लोमा केला, परीक्षा दिल्या, माझं हेल्मेट साहेबांचं, पांढरं झालं. तू फिटरच राहिलास. मला वाटलं, आता फिटलं. पण पांढरं हेल्मेट घालून मी शॉपमध्ये शिरलो की माणसं बोलायची थांबायची आणि तू शिरलास की बोलायला लागायची. मशीन बंद पडलं की आधी तुला हाक जायची, नंतर मला रिपोर्ट यायचा.

आणि तो हिवताप. तुला आठवतो तसा मला आठवत नाही, कारण त्यातले सहा दिवस माझ्याकडे नाहीतच. प्लांट उभा राहत होता, सगळीकडे पाया खणलेला, आपण दोघं साइटवर. एकाच आठवड्यात दोघांनाही ताप आला, दोघांच्याही रक्तात तोच जंतू निघाला, त्यातला जीव घेणारा प्रकार. मला चौघांनी उचलून गाडीत घातलं. किडन्या बंद पडत आल्या, मी आईला ओळखत नव्हतो. अकराव्या दिवशी नीट डोळे उघडले तर पलंगाशी तू बसलेला, हातात माझ्या घरचा डबा. तू चार दिवसांत उठला होतास. आणि माझी आई, जी तोवर तुमच्या घरचं पाणी प्यायला कचरायची, ती डोळे पुसत मला म्हणाली, “इक्बालकडे बघ. त्याच तापातून उठलाय आणि रोज तुझा डबा आणतोय. जिवट आहे पोरगा.”

जिवट. तो शब्द मी वीस-बावीस वर्षं बाळगला. आपण दोघं एकाच पाण्यात उतरलो, एकाच डासांनी आपल्याला खाल्लं, मग तू जिवट आणि मी लेचापेचा, हे ठरवलं कुणी? मला कारण हवं होतं. तुझ्याकडून ते श्रेय काढून घेईल असं कारण.

ते मला रक्तदान शिबिरात मिळालं. कंपनीच्या डॉक्टर मॅडम कार्डांवर रक्तगट तपासत बसल्या होत्या. मी सहज म्हणून आपली दोघांची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, तुमचा गट कुठला? मी म्हटलं, ए. आणि त्यांचा? ओ. त्या हसल्या. मग त्यांनी समोरच्या कोऱ्या फॉर्मच्या मागे गोल काढून समजावलं. मलेरियाचा जंतू शिरलेली रक्तपेशी आजूबाजूच्या चांगल्या पेशींना स्वतःभोवती चिकटवून घेते. असे गुच्छ बारीक नसांत अडकतात, मेंदूत, किडनीत. ए आणि बी गटाच्या पेशींवर जी साखरेची खूण असते, तिला धरून हे चिकटणं जास्त घट्ट होतं. ओ गटात ती खूण नसते, म्हणून गुच्छ सैल राहतात. माणूस आजारी पडतो, पण जिवावर बेतण्याची शक्यता कमी. “कमी,” त्या म्हणाल्या, “नाहीच असं नाही.”

मी आणखी विचारत राहिलो. त्यांनाही सांगायची हौस होती. त्या म्हणाल्या, आफ्रिकेत कितीतरी लोकांच्या पेशींवर आणखी एक वेगळी खूण नसते. ती आई-बाप दोघांकडूनही आलेली नसली, की मलेरियाच्या दुसऱ्या एका प्रकाराला पेशीत शिरायला जवळपास दारच सापडत नाही. हजारो वर्षं तापात माणसं मरत गेली, ज्यांचं रक्त असं होतं ती मागे राहिली, त्यांची मुलं वाढली. मी विचारलं, आपल्याकडे? त्या म्हणाल्या, “आपल्याकडे ते दार बहुतेक सगळ्यांना आहे. त्यामुळे आपण आपली मच्छरदाणी लावावी.”

इक्बाल, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली तुझ्या गटाची, तापाचा जोर कमी करणारी. दुसरी दूरच्या लोकांची, दार बंद करणारी. तुझ्या गटाशी तिचा काही संबंध नव्हता. मी घरी जाईपर्यंत दोन्हींची एकच केली. ओ म्हणजे दार बंद. त्या जुन्या तापात तुझ्याही रक्तात जंतू निघाला होता, हे मी सोयीने विसरलो. मला तेच हवं होतं. तू सोसलं नव्हतंस, तुला सोसावं लागलंच नव्हतं. आई-बापाने दिलेल्या रक्ताने तू वाचलास, त्यात तुझी मर्दुमकी शून्य.

दुसऱ्याच दिवशी कँटीनमध्ये मी ते बोललो. बबनराव, आपले चाकणजवळच्या गावचे, मशीन शॉपचे जुने ऑपरेटर, नव्या पोरांना तीच गोष्ट पुन्हा सांगत होते. “ह्यो इक्बालभाय लोखंडाचा हाय. त्या हिवतापात विलाससायबांस्नी चौघांनी उचलून न्हेलं, आन ह्यो चौथ्या दिशी कामाव.”

मी ताट सरकवलं. “त्यात त्याचं काय कर्तृत्व, बबनराव? त्याचा गट ओ आहे. अशांच्या रक्तात मलेरिया शिरतच नाही. मिळालेलं आहे ते, कमावलेलं नाही.”

 तू पोळीचा घास संपवलास, पाणी प्यालास. म्हणालास, “खरंय राव. अब्बांनी गॅरेज थोरल्याला दिलं. मला म्हणाले, तुला काय देऊ? मग रक्त दिलं. आणि विलासला त्याच्या वडलांनी ए दिला आणि टक्कल.”

सगळं कँटीन हसलं. मीही हसलो. त्या दिवसापासून तू ‘ओ साहेब’ झालास. हेल्मेटवर रक्तगटाचं छोटं स्टिकर असतं, ते काढून तू पेंट शॉपमधून मोठा लाल ओ रंगवून आणलास. मी तुला खाली ओढायला जे वापरलं, ते तू डोक्यावर घालून फिरायला लागलास. पोरं म्हणायची, ओ साहेबांना डास चावला तर डासालाच ताप येतो. आणि ते तुला खरंच वाटायला लागलं, कारण सांगणारा मी होतो. शिकलेला.

मला थांबवता आलं असतं. एकदा म्हणता आलं असतं, अरे, मॅडम ‘कमी’ म्हणाल्या होत्या, ‘नाही’ नव्हे. पण मग ‘मिळालेलं’ हा माझा मुद्दा पातळ झाला असता.

यादीच्या आठवड्यात माझ्या घरी काय झालं, ते तुला ठाऊक आहे, फक्त ते माझ्या बाजूने कसं होतं हे ठाऊक नाही. मुग्धाला मी दोन महिने गाडी शिकवत होतो. माझ्या शेजारी बसली की माझी पोर क्लच-ब्रेक विसरायची. मी ओरडायचो, ती रडायची. मग ती मला न विचारता तुझ्याकडे आली. तू तुझी जुनी गाडी घेऊन तिला देहूरोडच्या मोकळ्या रस्त्यावर नेलंस आणि आठ दिवसांत तिने गाडी सोसायटीच्या गेटातून एकटीने आत आणली. गाडीतून उतरताना हसत होती. तिचं तसं हसू मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, “बाबा, काका एकदाही ओरडले नाहीत. म्हणाले, गाडीशी भांडू नको.” आत जाऊन मी दार लावून बसलो. तीस वर्षांपूर्वीचं तुझं वाक्य आता माझ्या मुलीच्या तोंडात होतं.

दोन दिवसांनी मी यादी केली. पंप बसवायला फिटर हवा होता हे खरं. ओ गटाचे फिटर तीन होते, हेही खरं. तुझं वय सगळ्यांत जास्त होतं. तरी मी पहिलं नाव तुझं लिहिलं. मनात म्हटलं, मिळालंय ना रक्त, मग वापर. याहून स्पष्ट मला सांगता येत नाही. तू मरावंस असं मला कधीच वाटलं नाही. पण तू त्या घाणेऱ्या पाण्यात गुडघाभर उभा राहावंस, असं वाटलं.

मॅनेजर साहेबांनी यादी पाहून भुवया उंचावल्या. “रक्तगटाप्रमाणे? वा, एकदम सायंटिफिक.” मला बरं वाटलं. बोर्डावर कागद लावला तेव्हा बबनराव चष्मा वर करून वाचत होते.

“सायेब, डास काय वळखपत्र बघून चावतो व्हय?”

“चावू दे की, बबनराव. चावला तरी यांना काही होत नाही, तेच तर सांगतोय.”

“आन तुमचं शास्त्र चुकलं तर?”

“शास्त्र चुकत नाही.”

तू मागून आलास, कागदावर बोट ठेवलंस. “पहिला नंबर माझा? शाळेत कधी आला नाही राव.” आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस.

डास पळवायच्या मलमाच्या ट्यूब स्टोअरमध्ये थोड्याच होत्या. त्या मी तुम्हा अकरा जणांना दिल्या नाहीत, बाकीच्यांना वाटल्या. दिवसा लाइन चालू असायची, म्हणून तुमचं काम दुसऱ्या शिफ्टला, दिवेलागणीपासून. डासांचीच वेळ. हेही माझ्या सहीने ठरलं.

आता तो फोन.

तापाचा तिसरा दिवस होता तुझा. मी पार्किंगमध्ये, गाडीच्या किल्ल्या शोधत होतो. तुझा आवाज खोल गेलेला. “विलास, थंडी फार वाजतेय रे. नसरीन म्हणतेय रक्त तपासून घ्या. मी म्हटलं, विलासला विचारतो. ओवाल्याला काय गरज आहे का?”

इक्बाल, मी त्या तापातून गेलोय. ‘थंडी फार वाजतेय’ म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. दात कसे आपटतात, पलंग कसा हलतो, तेही. मी फक्त ‘आत्ता जा’ एवढं म्हणायचं होतं. मला दोन विचार आले. एक, याला मलेरिया निघाला तर माझी यादी खोटी ठरेल, बोर्डावर लावलेली, साहेबांनी वाखाणलेली. दुसरा विचार शब्दांत नव्हता, पण होता. पडू दे ना एकदा. एकदा त्यालाही कळू दे.

मी म्हटलं, “व्हायरल असेल रे. पॅरासिटामॉल घे, बघ दोन दिवस.”

तू म्हणालास, “चल, तू म्हणतो तर बरं वाटलं.”

दोन दिवसांनी तुला हॉस्पिटलात नेलं तेव्हा तुझे डोळे पिवळे झाले होते आणि तू थोरल्या भावाला अब्बा म्हणत होतास. मी तिथे कॉरिडॉरमध्ये उभा होतो. तरुण डॉक्टर बाहेर आला. मी त्याला विचारलं, ओ गट आहे, तरीही? तो थकलेला होता. म्हणाला, “काका, गट चांगला असला तर ताप थोडा मऊ येतो, एवढंच. इतके दिवस अंगावर काढला तर कुठला गट पुरणार? दोन दिवस आधी आणलं असतं तर...” आणि नसरीन भाभी मागे उभ्या आहेत हे दिसल्यावर थांबला. त्याच दुपारी मी उरलेल्या दहा जणांना कंपनीच्या गाडीत घालून तपासणीला नेलं. दोघांच्या रक्तात जंतू निघाला. वेळेत गोळ्या मिळाल्या, ते कामावर आले. म्हणजे मला काय करायचं असतं ते ठाऊक होतं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. पुरुष बाहेर खुर्च्यांवर बसले होते. तुझ्या भावाने मला सगळ्यांच्या मध्ये बसवलं आणि ओळख करून दिली, “हे विलासभाऊ. इक्बालचे जिगरी.” लोक उठून हात मिळवत होते. भाभींनी आतून चहा पाठवला, स्वतः आल्या नाहीत. तू जिवंत असताना जे मला कधी मिळालं नाही, ते तू गेल्यावर तुझ्या दारात मिळत होतं आणि मी ते घेत होतो. तिथून कंपनीत आलो आणि तो ‘दुर्लक्ष केले’चा कागद लिहिला.

तुझ्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलं आहे. तू नेहमी म्हणायचास, रक्तात काही नसतं राव, माणूस कुणाबरोबर राहतो त्यावर सगळं. मी म्हणायचो, सगळं रक्तात असतं, आई-बाप देतील तेच. आता मॅडमकडे जाऊन, त्यांच्याकडून घेतलेलं नीट वाचून, मला दिसतं की तुझं निम्मं खरं आणि माझं निम्मं. तुझ्या आई-बापाने तुला दिलं होतं ते खरंच होतं, त्या जुन्या तापात त्याचा उपयोग झालाही असेल. पण त्या रक्ताने फक्त दोन-तीन दिवसांची सवड दिली होती. ती सवड कशी वापरायची हे तू ज्याच्याबरोबर राहायचास त्याला विचारलंस. याच्यावर तू काय म्हणाला असतास, ते मला ऐकायचं होतं. तू काहीतरी हसण्यासारखं म्हणाला असतास, आणि मी पुन्हा जळलो असतो.

कागद खणात पडून होता त्याच्या चौथ्या दिवशी बबनराव माझ्या केबिनशी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. “सायेब, चौकशीत काय लिवलं?” मी म्हटलं, अजून दिलेली नाही. ते म्हणाले, “आमी अडाणी मानसं. पर इक्बालनं हयगय केली, आसं कोन म्हनलं तर मला न्हाई पटायचं. तो मशीनची पन हयगय करत न्हवता.” आणि निघून गेले.

मी तो कागद फाडला. नवा लिहिला. यादी कशी केली, ट्यूब कुणाला दिल्या, वेळ कुणी ठरवली, फोनवर काय विचारलं गेलं आणि मी काय सांगितलं. साहेबांनी वाचला, दार लावून घेतलं. “विलास, फोन ही पर्सनल गोष्ट आहे. ही कशाला लिहायची?” मी म्हटलं, “सर, ते तसंच राहू द्या.” आता माझ्यावरच चौकशी लागली आहे. सेफ्टीचं काम माझ्याकडून काढलं, सध्या स्टोअरला बसतो.  तुझं कपाट अजून कुणी उघडलेलं नाही, त्याच्यावर कुणीतरी मोगऱ्याचा गजरा ठेवतं. मला त्याचाही हेवा वाटतो. खोटं सांगणार नाही.

काल मी भाभींकडे गेलो. या वेळी आत बोलावलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, मीही खुर्ची सोडून खाली बसलो. मी म्हटलं, “भाभी, इक्बालने मला फोन केला होता.”

“माहीत आहे.”

मला वाटलं त्यांना नुसता फोन माहीत आहे. मी पुढे बोलायला गेलो तर त्यांनी हात वर केला.

“विलासभाऊ, त्यांना हातात फोन धरवत नव्हता. मी उशीवर ठेवून स्पीकर लावला होता. तुम्ही काय बोललात ते मी ऐकलंय.”

 बाहेर गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

“मी म्हटलं त्यांना, तरी चला, तपासून येऊ. तर म्हणाले, विलास या तापातून मरून उठलाय. तो शिकलेला आहे. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तेव्हापासून मी वाट बघतेय. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, बाहेर बसून चहा पिऊन गेलात. मी म्हटलं, बघू किती दिवस लागतात.”

मला वाटायचं तुझ्या मनात मी कुठेच नाही. तू सगळ्यांचा, आणि मी एका कोपऱ्यात तुझा हेवा करत बसलेला. आणि तू स्वतःच्या अंगातल्या थंडीपेक्षा माझ्या शब्दाला जास्त मानलंस.

मी हात जोडले नाहीत. जोडले असते तर त्यांना मला सावरावं लागलं असतं, आणि ते काम त्यांच्यावर टाकायचं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, “भाभी, मी त्याला व्हायरल म्हणून सांगितलं तेव्हा मला शंका होती. तरी सांगितलं. माझी यादी खोटी पडू नये म्हणून, आणि मी त्याच्यावर जळत होतो म्हणून. यादीत त्याचं नावही मी त्यासाठीच पहिलं घातलं. त्याने हयगय केली नाही. मी केली. माझं चुकलं.”

 माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, उठा असंही नाही. मी थोडा वेळ बसलो आणि मग तुझ्या नावाने, त्यांच्यासमोरच, तेच पुन्हा म्हटलं. माझं चुकलं, इक्बाल.